आधी पाणी बघायचे, मग गळ टाकायचा

अब्बांनी मला मासे पकडायला शिकवले, तेव्हा पहिले तीन दिवस त्यांनी माझ्या हातात काठीच दिली नव्हती. शिरोळहून सायकलच्या नळीवर बसवून ते मला पंचगंगेच्या काठाला न्यायचे, मळीच्या कडेला बसवायचे आणि म्हणायचे, "पहले पानी देख." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. पाण्यात बघायचे काय, हेच मला कळत नसे. चौथ्या दिवशी कंटाळून मी म्हणालो, "अब्बा, तिथं बुडबुडे येतायत, इथं येत नाहीत." अब्बा हसले आणि त्यांनी काठी माझ्या हाती दिली.

त्या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली. गेल्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि माझ्या दोन्ही मुलांनी हट्ट धरला. थोरली मुलगी सहावीत, धाकटा तिसरीत. "दादांनी तुम्हाला शिकवलं, तसं आम्हालाही शिकवा." मी म्हटले, जरूर. ज्या जागी मी शिकलो, त्याच जागी तुम्हाला नेतो.

नदीवरची पहिली सकाळ

रविवारी फजरची नमाज झाल्यावर दोघांना मोटारसायकलवर घेऊन निघालो. नदी दिसायच्या आधी तिचा वास आला. काठावर पोहोचलो तर पाणी काळपट, कडेला पांढरा फेस. आणि पाण्यावर जिकडे पाहावे तिकडे माशांची उघडी तोंडे. लहान-मोठे शेकडो मासे वर येऊन तोंडाने हवा ओढत होते. काही आडवे झाले होते, काही पोट वर करून वाहत चालले होते. काठावर माणसे पाट्या आणि पोती घेऊन उतरली होती.

धाकट्याला आनंद आवरेना. "अब्बू, गळ लागतच नाही! हातानंच धरता येतायत!" ओळखीचा एक जण वर बघून म्हणाला, "भाई, पिशवी आणलीय का न्हाई? फुकट हाय, घ्या की."

मुलगी मात्र गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "अब्बू, हे आजारी आहेत का?"

मी काठ्या गाडीवरून सोडल्याच नाहीत. तसेच परत फिरलो. धाकटा घरापर्यंत रडत होता.

दुपारी दोघांना जवळ घेऊन समजावले. पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीसारखी मोठी शहरे ओलांडून आपल्याकडे येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे आपण नदीच्या शेपटाला राहतो. वरच्या गावांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, शेतातून निचरून आलेले खत, जे काही नदीत पडते ते शेवटी आपल्या दारावरून जाते. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि पाणी अडते. उन्हाळ्यात त्या थांबलेल्या पाण्यात घाण आली की ती कुजवणारे सूक्ष्म जीव पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायूच घेतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि गुदमरलेले मासे वर येतात. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. त्या सकाळी मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले.

मग मी त्यांना माझी स्वतःची चूक सांगितली. कॉलेजात असताना अशाच एका सकाळी मी अर्धे पोते मासे घरी आणले होते. वाटले, अम्मी खूश होईल. अम्मीने एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, वास घेतला आणि सगळे पोते उकिरड्यात पुरायला लावले. एवढेच म्हणाली, "जे स्वतः श्वास घेऊ शकत नव्हतं, ते माझ्या मुलांना काय बळ देणार?"

मासा हलाल आहे, त्याला जबह करावे लागत नाही, हे आपल्या घरातल्या लहानांनाही ठाऊक असते. पण आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी मतानुसार खात नाहीत, हे पुष्कळांना आठवत नाही. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांचे मत याबाबत वेगळे आहे. मात्र घाण पाण्याने मेलेल्या माशाबद्दल मसल्याच्याही आधी साधी अक्कल बोलते. जे शरीराला अपाय करील ते पोटात घालू नये, यावर कोणाचे दुमत नाही. फुकट मिळाले म्हणून ते रिज्क होत नाही.

अशा रीतीने माझ्या मुलांचा पहिला धडा गळ न टाकताच झाला. अब्बांनी मला तीन दिवस पाणी का बघायला लावले, हे त्या दिवशी मलाही नव्याने कळले.

कोणत्या माशापासून सुरुवात करावी?

नवशिक्याला मोठ्या माशाच्या मागे लावू नये. मरळ हुशार असते, कटला ताकदवान असतो. तासन्‌तास काहीच लागले नाही की मूल काठी टाकून देते. पहिला मासा लहान, थव्याने राहणारा, काठाजवळ येणारा आणि फार नखरे न करणारा हवा.

अमेरिकेत मुलांना मासेमारी शिकवताना बरेच जण क्रॅपी नावाच्या माशापासून सुरुवात करतात. हा तळ्यातला, ताटलीसारखा चपटा, तळहाताएवढा मासा. पाण्यात बुडालेल्या झुडपांच्या आसऱ्याला तो थव्याने राहतो. त्याच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की तिथले लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात. जोरात हिसका दिला की तोंड फाटते आणि मासा सुटतो. त्यामुळे तिथली मुले पहिल्याच दिवशी शिकतात ती गोष्ट म्हणजे हात हलका ठेवणे.

आपल्याकडे ही जागा चिलापीची. ती मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आज उजनी धरणापासून गावच्या तळ्यापर्यंत सगळीकडे पसरली आहे. कणीक खाते, काठाशी फिरते, दिवसाउजेडी लागते. देशी माशांचे खाणे आणि जागा ती बळकावते, म्हणून खाण्यापुरती काढली तर पाण्याचे नुकसान नाही. मात्र जिवंत चिलापी एका तळ्यातून नेऊन दुसऱ्यात कधीही सोडू नये. ती उष्ण प्रदेशातली असल्याने थंडीत सुस्त होते. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे दिवस शिकायला चांगले.

जागा निवडताना

नदी बाद झाली, तेव्हा मी शाळेतल्या एका मित्राला विचारले. त्याच्या मळ्यात जुने मातीचे तळे आहे, पाणी विहिरीचे. तो आनंदाने हो म्हणाला. पण विचारल्याशिवाय कोणाच्या तळ्यावर जाऊ नये. धरणे आणि मोठे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे संस्थेची परवानगी घ्यावी, कारण ते मासे कोणाच्या तरी पोटापाण्याचे आहेत. आपल्या शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांच्या तळ्यावर मासे मारू का, असे विचारून त्यांना संकोचात टाकू नये. तसेच नृसिंहवाडीच्या घाटाजवळ गळ टाकायचा नाही, हे अब्बांनी मला पहिल्या दिवशीच बजावले होते. शेजाऱ्याची श्रद्धा जिथे आहे, तिथे आपला छंद नेऊ नये.

जिवाची काळजी त्याहून मोठी. तीन गोष्टी मी मुलांकडून पाठ करून घेतल्या.

पहिली, कृष्णेत मगरी आहेत. सांगली जिल्ह्यात त्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. नदीच्या पाण्यात पाय सोडून बसायचे नाही, काठापासून मागे राहायचे आणि माशाची आतडी काठावर टाकायची नाहीत.

दुसरी, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याजवळ जायचे नाही. तो कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यांनी राज्यात कितीतरी मुलांचे जीव घेतले आहेत. मालकाने त्यात दोर सोडलेला असला तरी मुलांना तिथे नेऊ नये.

तिसरी, बंधाऱ्याच्या मोरीजवळ बसायचे नाही. वरून पाणी शांत दिसते, खाली ओढ असते.

मातीच्या तळ्यावरही मी एक लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब बरोबर ठेवतो. मोठे माणूस बरोबर नसेल तर मुलांनी पाण्यावर जायचे नाही, यात सवलत नाही.

सामान आणि आमिष

महागडी रीळ-काठी पहिल्या वर्षी नको. मुलाच्या उंचीच्या दीडपट लांब, बारीक शेंड्याचा वेळू घ्यावा. शेंड्याला काठीच्याच लांबीचा तंगूस बांधावा. त्यापेक्षा लांब झाला की मुलांना तो आवरत नाही. टोकाला छिद्र असलेला बारीक गळ, त्याच्या चार बोटे वर शिशाचा छोटा मणी, आणि हात-दीड हात वर जोंधळ्याच्या वाळक्या ताटाचा दोन बोटे लांबीचा तुकडा. हा तुकडा पाण्यावर तरंगतो आणि खाली काय चालले आहे ते सांगतो. सगळे मिळून शे-दोनशे रुपयांच्या आत होते.

गळाला गाठ अशी मारावी. तंगुसाचे टोक छिद्रातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत. मग ते टोक गळाजवळच्या फटीतून परत आणावे, पाण्याने ओले करावे आणि सावकाश ओढावे. कोरडाच ओढला तर तंगूस घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी तुटतो. मुलांसाठी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. क्वचित एखादा मासा सुटेल, पण माशाच्या तोंडातून किंवा स्वतःच्या बोटातून गळ काढताना त्रास होणार नाही.

आमिष म्हणून कणीक सर्वांत सोपी. घट्ट मळलेल्या कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळावी. गळाचे टोक झाकेल एवढीच, साधारण वाटाण्याएवढी गोळी लावावी. पुष्कळ लोक गांडूळ लावतात. पण जिवंत गांडूळ गळाला टोचू नये, आधी मारून मग लावावे, असे अनेक उलेमा सांगतात. मुलांना हे सांगितल्यावर दोघांनीही कणीकच निवडली. निव्वळ गंमत म्हणून कोणताही जीव मारणे दीनला मान्य नाही. म्हणून आमच्या घरचा नियम असा की घरात खाल्ले जातील तेवढेच मासे धरायचे, आणि बोटाएवढे पिल्लू लागले तर ओल्या हाताने धरून लगेच सोडायचे.

तुकडा बुडेपर्यंत

त्या शनिवारी असरची नमाज आटोपून आम्ही तळ्यावर गेलो. पहिली वीस मिनिटे काठ्या बाजूला ठेवून फक्त पाणी पाहिले. पाण्याला वास नव्हता. रंग हिरवट होता, पण काठाजवळचा तळ दिसत होता. चतुर उडत होते, बेडूक उड्या मारत होते. मासे तोंड उघडून वर आलेले नव्हते. मुलगी म्हणाली, "अब्बू, हे पाणी जिवंत आहे." मी म्हटले, बिस्मिल्लाह.

नवशिके दोन चुका करतात. तुकडा जरा हलला की काठी उपटतात, नाहीतर तुकडा बुडून गेला तरी बघत राहतात. चिलापी आधी कणकेला ठोकर मारून बघते. तेव्हा तुकडा थरथरतो. त्या वेळी काहीही करायचे नाही. मग ती कणीक तोंडात घेऊन चालू लागते. तुकडा तिरका होतो, सरकतो आणि बुडतो. तेव्हा फक्त मनगट वर करायचे. खांद्यातून हिसका द्यायचा नाही. शिवाय काठी उचलण्याआधी मागे कोण उभे आहे ते बघायचे, कारण सुटलेला गळ थेट डोळ्याच्या उंचीने येतो.

धाकट्याने पहिल्या थरथरीलाच काठी उपटली. गळ मागच्या बाभळीत अडकला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी त्याला सांगितले, "तुकडा हलला की मनात सावकाश 'सुब्हानअल्लाह' म्हण. तीनदा म्हणून झालं आणि तुकडा बुडाला, तरच हात हलव." तो तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला. तिसऱ्या खेपेला तुकडा बुडाला, मनगट वर गेले आणि तळहाताएवढी चिलापी काठावर येऊन पडली. त्याने आनंदाने मारलेली हाक पार उसाच्या फडापलीकडे मित्राच्या घरी ऐकू गेली.

मासा हातात घेण्याचीही रीत आहे. चिलापीच्या पाठीवर काटे असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत नेला की काटे दबतात आणि टोचत नाहीत. मिशा असलेली शिंगटी लागली तर मुलाने हात लावायचा नाही. तिच्या बाजूचा काटा फार झोंबतो. ठेवायचा मासा उन्हात तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक नेमका फटका मारून त्याला लगेच शांत करावे आणि ओल्या फडक्यात गुंडाळावे. जबह लागत नाही याचा अर्थ त्याला ताटकळत मरू द्यावे असा नाही.

मुलगी पलीकडच्या अंगाला लव्हाळ्याजवळ बसली होती. बराच वेळ तिच्या तुकड्याची हालचाल नव्हती. मग तिने हळूच मला बोलावले. काठाजवळच्या उथळ पाण्यात एक चिलापी एकाच जागी थांबली होती आणि तिच्या तोंडासमोर मोहरीएवढ्या पिल्लांचा पुंजका तरंगत होता. माझी सावली पाण्यावर पडली मात्र, सगळा पुंजका क्षणात तिच्या तोंडात शिरला. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि पिल्ले पोहू लागली तरी धोका दिसला की त्यांना तोंडात घेते. त्या दिवसांत ती जवळजवळ काही खातही नाही.

मी हे सांगत होतो तोवर मुलीने आपला गळ पाण्याबाहेर काढला होता. "मी दुसरीकडे बसते," ती म्हणाली. चिलापी परकी मासळी आहे, ती कमी झाली तर बरेच, हा हिशोब मला माहीत होता. मी तो तिला त्या वेळी सांगितला नाही. मगरिबपर्यंत तिलाही दोन मासे लागले, दुसऱ्या काठाला.

चुलीवर

चार मासे घरी आले. खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडले. पोट फाडून आतडी काढली. चिलापीच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो. तो बोटाने घासून पूर्ण काढावा, वास आणि कडवटपणा बराचसा त्यातच असतो. तिरके काप देऊन मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवले. मग आपली घरची कांदा-लसणाची चटणी चोळली, ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत केले. सोबत गरम भाकरी. एक मासा मित्राच्या घरी दिला, कारण तळे त्याचे. उरलेल्या तीन माशांत आम्ही पाच जण जेवलो. अल्हम्दुलिल्लाह, कोणी उपाशी उठले नाही.

नदीचे काय?

आता महिन्यातून एक-दोनदा आम्ही तळ्यावर जातो. पण कुरुंदवाडला जाताना पुलावरून पंचगंगा लागते, तेव्हा मुलगी गाडी हळू करायला सांगते आणि वाकून पाणी बघते. कधी म्हणते, "आज बरं आहे." कधी नुसती मान हलवते. पावसाळ्यात बरगे काढल्यावर नदी वाहती होते, गढूळ पण मोकळी. तेव्हा ती म्हणते, "आता मासे श्वास घेत असतील."

मागे एका सकाळी पुन्हा फेस आणि मेलेले मासे दिसले. तिने माझ्या फोनवर फोटो काढायला लावले, तारीख आणि जागा स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली. आम्ही तो अर्ज स्थानिक नगरपरिषदेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला पाठवला. एका अर्जाने नदी स्वच्छ होत नाही, हे मला माहीत आहे. पण काठावरच्या प्रत्येक घरातून असा एक कागद गेला, तर "आम्हाला कळलेच नाही" असे कोणाला म्हणता येणार नाही. आपल्या मुलांना मासे धरायला जरूर शिकवा. त्यातून सब्र येतो, हात हलका होतो आणि ताटातला घास कुठून आला हे कळते. फक्त काठी देण्याआधी त्यांना पाण्याकडे बघायला बसवा.

परवा धाकट्याने विचारले, "अब्बू, दादांच्या जागेवर आपण कधी गळ टाकायचा?"

मी उत्तर शोधत होतो. बहिणीनेच त्याला सांगितले, "आधी पाणी बघायचं. ते हो म्हणालं की जाऊ, इन्शाअल्लाह."